खराटा घेतला, गाडगे राहिले : पुनर्चक्रणाच्या स्थानिक विचाराची चिकित्सा

घनकचऱ्याविषयी आपल्याकडे जे लेखन होते, त्यातील बहुतेक लेखन अखेरीस एकाच वाक्यापाशी येऊन थांबते : समाजात जनजागृती होणे आवश्यक आहे. महाविद्यालयीन प्रकल्प असो, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराचा अहवाल असो, नगरपंचायतीच्या भिंतीवरील घोषवाक्य असो की चर्चासत्रात वाचलेला शोधनिबंध असो, निदान आधीच ठरलेले असते. लोकांना समज नाही म्हणून कचरा वेगळा होत नाही. वेगळा होत नाही म्हणून त्याचे पुनर्चक्रण होत नाही. आणि पुनर्चक्रण होत नाही म्हणून तो गावाबाहेर नेऊन पुरावा अथवा जाळावा लागतो. प्रस्तुत लेखात या साखळीच्या पहिल्याच कडीची चिकित्सा करावयाची आहे. टाकाऊ वस्तूचे मोल ओळखण्याची समज आपल्या ग्रामीण समाजात होती आणि आजही आहे. अडचण निराळीच आहे. कचरा उचलून नेणाऱ्या, पुरणाऱ्या आणि जाळणाऱ्या यंत्रणेला वजनावर पैसे मिळतात. तोच कचरा निवडून पुन्हा उपयोगात आणणाऱ्या हातांना मात्र ना मजुरी मिळते, ना त्या कचऱ्यावर हक्क. पुनर्चक्रण मागे पडते ते या विषम व्यवहारात, आणि जनजागृतीची भाषा नेमका हा व्यवहार झाकून टाकते.

आपल्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, त्या संत गाडगेबाबांपासून आरंभ करणे सोयीचे ठरेल. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेल्या आणि १९५६ साली निवर्तलेल्या या लोकशिक्षकाची दोन साधने सर्वपरिचित आहेत : हातातील खराटा आणि डोक्यावरील फुटक्या मडक्याचे खापर. अंगावर चिंध्या जोडून शिवलेला पोशाख असे. म्हणून काही ठिकाणी ते गोधडेबुवा म्हणूनही ओळखले जात. खापर हीच टोपी, तेच भिक्षेचे आणि जेवणाचे भांडे. स्वच्छतेचा एवढा मोठा उपासक ज्या नावाने ओळखला गेला ते नाव एका टाकून दिलेल्या, तरीही पुन्हा उपयोगात आणलेल्या भांड्याचे आहे, याकडे आपल्या चरित्रपर लेखनाने पुरेसे लक्ष दिलेले नाही. सन २०००-०१ पासून महाराष्ट्रात राबविल्या गेलेल्या ग्रामस्वच्छता अभियानाने बाबांचे नाव घेतले, त्यांचा खराटा घेतला. त्या अभियानाने गावोगावी जी चुरस निर्माण केली, शौचालयांचा आणि रस्त्यांच्या झाडलोटीचा प्रश्न ग्रामसभेत आणला, त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु खराट्याचे काम वस्तू एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकविण्याचे असते, आणि ती वस्तू पुढे कोठे गेली हे विचारणारे गाडगे अभियानाच्या गुणपत्रिकेत मध्यवर्ती झाले नाही. गाव झाडून निघाले, ढीग वेशीबाहेर गेला आणि पुष्कळ ठिकाणी तेथेच पेटला.

मराठी समाजात दुसरी परंपरा नव्हती असे नाही. कणकवलीजवळ गोपुरी येथे अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचे आणि केरकचऱ्याचे खत करण्याचे प्रयोग चिकाटीने केले. भंगीमुक्ती आणि सोनखत हे त्यांच्या दृष्टीने एकाच प्रश्नाचे दोन भाग होते : घाण उपसणाऱ्या माणसाची सुटका करावयाची असेल, तर घाणीचेच रूपांतर करावे लागेल. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या ‘ग्रामगीते’तील ग्रामशुद्धीचा विचारही केरकचऱ्याच्या खताशी जोडलेला आहे. या परंपरेत उकिरडा हा कलंक मानलेला नाही. तो शेताचा भांडवली साठा आहे. वऱ्हाडातील जुन्या शेतकऱ्याच्या घरी उकिरड्यावर कोणाचाही हात पडू दिला जात नसे. ज्या समाजात जुन्या लुगड्याची वाकळ होत होती, जुने कपडे देऊन बोहारणीकडून भांडे घेतले जात होते, फुटक्या घागरीची मोड तांबटाकडे जात होती, त्या समाजाला पुनर्वापराचे धडे द्यावयास आपण निघालो आहोत, यातील विसंगती निदान प्राध्यापकवर्गाच्या तरी ध्यानात यावयास हवी.

यावर आक्षेप असा येईल की हा भूतकाळ झाला. आजचा कचरा प्लास्टिकचा आहे, आणि तो उकिरड्यात कुजत नाही. आक्षेप रास्त आहे. म्हणून आजचेच उदाहरण घेऊ. देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, लोणार या आपल्या जिल्ह्यातील पट्ट्यात भाजीपाला बीजोत्पादनाच्या निमित्ताने शेडनेट आणि ठिबक सिंचन मोठ्या प्रमाणावर आले. शेतात ठिबकच्या नळ्या असतात आणि त्याच ओळीवर आच्छादनाचा, म्हणजे मल्चिंगचा, पातळ कागद अंथरलेला असतो. दोन्ही प्लास्टिकच. नळी फाटली, चोंदली की शेतकरी ती गुंडाळून ठेवतो. भंगारवाला येतो, वजन करतो, पैसे देतो. हंगाम संपल्यावर मल्चिंगचा कागद मात्र उपटून बांधावर ढीग करून पेटविला जातो. शेतकरी तोच, शेत तेच, त्याचे शिक्षणही तेच. एका प्लास्टिकच्या बाबतीत तो जागरूक नागरिक आणि दुसऱ्याच्या बाबतीत अज्ञानी कसा ठरावा? फरक त्याच्या जाणिवेत नसून वस्तूत आहे. नळी जाड, वजनदार आणि धुता येण्यासारखी. कागद काही मायक्रॉन जाडीचा, मातीने माखलेला, उन्हाने विरलेला. तो गोळा करण्यास, झटकण्यास, वाहून नेण्यास जेवढा खर्च येतो तेवढे त्याचे मोल नाही. हाच नियम गावात लागू पडतो. पाण्याची बाटली रस्त्यावर फार काळ राहत नाही, कोणीतरी ती उचलतोच. गुटख्याची पुडी, शांपूची पुडी, वेफर्सचे पाकीट हे अनेक थरांचे आवेष्टन मात्र नालीत वर्षानुवर्षे राहते. (राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, हे येथे केवळ नोंदवून ठेवतो; नालीला अधिसूचना वाचता येत नाही.)

म्हणजे कोणती वस्तू पुन्हा चक्रात येणार याचा निर्णय पुष्कळ अंशी ती वस्तू कारखान्यात घडविली जाते तेव्हाच झालेला असतो. तो निर्णय ग्राहकाच्या कचराकुंडीपाशी होत नाही. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने काढलेल्या प्लास्टिकविषयक अधिसूचनेत दुधाच्या पिशवीवर किमान ५० पैसे परतीची किंमत छापण्याची तरतूद होती. ही तरतूद त्या अधिसूचनेतील सर्वांत शहाणपणाची म्हणावी लागेल, कारण तिने उपदेशाऐवजी किमतीला हात घातला. परंतु गाजली ती पिशवीबंदी आणि दुकानदारावरील दंड. परतीची व्यवस्था उभी करण्याचा भार उत्पादकावर पडत होता, आणि तेथे अंमलबजावणी ढिली राहिली. दंड मात्र हातगाडीवाल्याने भरला.

येथे भाषेविषयी थोडे बोलणे अप्रस्तुत होणार नाही. कचऱ्याच्या संदर्भात शासकीय मराठीत ‘विल्हेवाट’ हा शब्द रूढ आहे. विल्हेस लावणे म्हणजे एखादी गोष्ट तिच्या तिच्या जागी नीट लावून देणे. मूळ शब्दात व्यवस्था आहे, निवड आहे. आज त्याचा अर्थ नजरेआड करणे एवढाच उरला आहे. ‘घनकचरा व्यवस्थापन’ या पदातील व्यवस्थापनही बहुधा गाड्यांच्या फेऱ्यांचे व्यवस्थापन असते. घंटागाडीचा ठेका साधारणतः वजनावर किंवा फेऱ्यांवर दिला जातो. ज्याला वजनावर पैसे मिळतात त्याला कचरा कमी होण्यात, वाळण्यात अथवा वाटेतच निवडला जाण्यात कोणता रस असणार? ओला कचरा जड असतो; मिसळलेला त्याहून सोयीचा. एखाद्या गृहिणीने घरी दोन डबे ठेवले आणि गाडीत ते दोन्ही एकाच पेटीत रिकामे झाले, की त्या घरातील वर्गीकरण संपले म्हणून समजावे. तिला पुन्हा जागृत करण्याचा प्रयत्न हा तिच्या बुद्धीचा अपमान आहे.

या प्रश्नाचा मराठी मुलुखातील सर्वांत बोधप्रद दाखला पुण्याचा आहे. तेथे डॉ. बाबा आढाव आणि श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठातील कार्यकर्त्या अध्यापिकांच्या पुढाकाराने मे १९९३ मध्ये कचरावेचकांची संघटना उभी राहिली. तिचे नाव ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. या नावात कचरा हा शब्दच नाही. तीन मालांची नावे आहेत आणि ते निवडणाऱ्या माणसाचे नाव आहे. आपण घाण उपसत नसून माल निवडतो, हा दावा त्यात आहे. संघटनेची ठिणगी पडली तीही दारोदार कचरा गोळा करण्याचे काम खाजगी व्यावसायिकाकडे जाऊ लागले आणि वेचकांचा मालावरील प्रवेश धोक्यात आला म्हणून. पुढे महापालिकेने त्यांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली आणि २००८ मध्ये ‘स्वच्छ’ या त्यांच्या सहकारी संस्थेशी करार केला. घरोघरी जाऊन वर्गीकृत कचरा घ्यावा, घरटी शुल्क मिळावे आणि सुका माल विकून येणारे पैसे वेचकांचे, अशी ती रचना आहे. हजारो स्त्रिया, त्यातही बहुसंख्य दलित समाजातील, या रचनेत काम करतात.

या प्रयोगाचे कौतुक देशविदेशात झाले आहे. मला महत्त्वाची वाटते ती त्याची असुरक्षितता. पहिल्या कराराची मुदत संपल्यावर नूतनीकरणासाठी या स्त्रियांना वारंवार महापालिकेच्या दारात उभे राहावे लागले. २०२० नंतरही हे काम ठेकेदारांकडे सोपविण्याचा विचार बळावलाच. जी व्यवस्था महापालिकेचा वाहतुकीचा आणि पुरण्याचा खर्च वाचविते, तिलाच आपल्या अस्तित्वाचे समर्थन दर काही वर्षांनी द्यावे लागते. यंत्राच्या ठेक्याला मात्र दीर्घ मुदत सहज मिळते. याच शहराचा उरलेला कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवारात वर्षानुवर्षे टाकला गेला आणि तेथील ग्रामस्थांना त्याविरुद्ध पुन्हा पुन्हा रस्त्यावर यावे लागले, हेही त्याच पुण्याचे वास्तव आहे. पुनर्चक्रणाचे यश आणि पुरण्याचे पाप एकाच नगरात सुखेनैव नांदू शकतात.

‘स्वच्छ’च्या सभासद स्त्रियांनी २०१३ मध्ये आणखी एक गोष्ट केली, जी पर्यावरणाच्या पाठ्यपुस्तकात यावयास हवी. वापरलेले सॅनिटरी पॅड उघड्या हातांनी निवडावे लागत असल्याच्या निषेधार्थ त्यांनी असा कचरा पिशव्यांत भरून ते पॅड बनविणाऱ्या कंपन्यांकडे परत पाठविला. पुनर्चक्रण न होणाऱ्या वस्तूची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न एवढ्या नेमकेपणाने आमच्या कोणत्याही परिसंवादात मांडला गेल्याचे मला आठवत नाही.

येथे वाङ्मयाचा आधार घेतो. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) मुंबईच्या कावाखान्यातील बायका कागद, चिंध्या, काचा, लोखंड वेचून आणतात, त्याची निवड करतात आणि विकतात. मराठी समीक्षेने या चित्राकडे दारिद्र्याचे आणि जातीय शोषणाचे चित्र म्हणून पाहिले, आणि ते तसे आहेच. पण ते मुंबईच्या उद्योगव्यवस्थेला कच्चा माल पुरविणाऱ्या श्रमाचेही चित्र आहे, ही बाजू वाचनातून निसटली. दोन्ही बाजू एकत्र धराव्या लागतात, अन्यथा दोन चुका संभवतात. केवळ पहिली धरली तर वेचक स्त्री दयेचा विषय होते आणि तिची ‘मुक्तता’ करण्यासाठी तिचे काम ठेकेदाराच्या गाडीला देणे पुण्यकर्म वाटू लागते. केवळ दुसरी धरली तर भंगाराचे उदात्तीकरण होते. गाडगेबाबांनी खापर स्वेच्छेने उचलले होते. कावाखान्यातील बायकांना तो पर्याय नव्हता. पुनर्चक्रणाचा पुरस्कार करणाऱ्याने हा भेद विसरला, तर त्याचा पर्यावरणवाद जातिव्यवस्थेच्या उतरंडीवर उभा राहील.

पुरण्याच्या मार्गाचे काय होते, हे आपल्या शेजारच्या औरंगाबादने, आजच्या छत्रपती संभाजीनगरने, २०१८ मध्ये पाहिले. नारेगावच्या परिसरात सुमारे तीन दशके शहराचा कचरा टाकला जात होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये ग्रामस्थांनी गाड्या अडविल्या. मार्चमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तेथे कचरा टाकण्यास मनाई केली. दररोजचा सुमारे ४०० टनांच्या घरातील कचरा शहरात साचू लागला, आणि पर्यायी जागांच्या शोधात गाड्या मिटमिट्याकडे गेल्या तेव्हा ७ मार्चला दगडफेक, जाळपोळ आणि लाठीमार झाला. या प्रसंगाचे वर्णन ‘कचराकोंडी’ असे केले गेले. ते काहीसे दिशाभूल करणारे आहे. कोंडी त्या आठवड्यात झाली नाही; नारेगावकरांच्या नाकातोंडात ती तीस वर्षे होतीच. त्यांनी ती शहराला फक्त परत केली. मुंबईत देवनार येथे १९२७ पासून कचरा टाकला जात आहे. जानेवारी २०१६ मधील तेथील आगीनंतर उच्च न्यायालयाने शहरातील नव्या बांधकामांना परवानगी देण्यावर निर्बंध घातले, तेव्हा कोठे डेपो हा सभ्य समाजाच्या चर्चेचा विषय झाला.

पुरण्यास जागा नाही म्हटल्यावर भस्मीकरणाचे आकर्षण वाढते. वीजनिर्मितीची जोड मिळाली की ते प्रगत तंत्रज्ञान ठरते. दिल्लीत तिमारपूर येथे १९८७ मध्ये डेन्मार्कच्या तंत्रज्ञानाने दररोज ३०० टन कचरा जाळून वीज निर्माण करणारा प्रकल्प उभारला गेला. तो जेमतेम तीन आठवडे चालला. कारण सरळ होते. आपल्या कचऱ्यात अन्नाचा, पालापाचोळ्याचा, मातीचा वाटा मोठा. त्यातील पाणी आटविण्यातच उष्णता खर्ची पडते. अशी भट्टी चालवावयाची तर तिला कोरडे, ज्वलनशील द्रव्य हवे, म्हणजे कागद, पुठ्ठा, प्लास्टिक. म्हणजेच वेचक ज्यावर जगतो तो माल. भट्टी आणि वेचक हे एकाच ताटातील वाटेकरी आहेत. शिवाय भट्टीचे कर्ज फेडण्यासाठी तिला वर्षानुवर्षे ठराविक टन पुरवावे लागतात. गावाने कचरा कमी केला, तर करारभंग व्हावा अशी ही विलक्षण रचना आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी पुनर्वापर व पुनर्चक्रण न होणारा आणि प्रतिकिलो १५०० किलोकॅलरी वा अधिक उष्मांक असलेला कचरा भरावभूमीत न टाकता ऊर्जेसाठी वापरावा असे म्हटले होते. ‘पुनर्चक्रण न होणारा’ ही अट वाचताना लहान वाटते, पण ती पाळली गेली की नाही हे पाहणारा निरीक्षक भट्टीच्या तोंडाशी उभा नसतो.

मग लहान गावांना मार्गच नाही काय? सिंधुदुर्गातील वेंगुर्ले नगरपरिषदेने २०१५ नंतर मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात घरोघरचा कचरा अनेक प्रकारांत वेगळा घेऊन, ओल्याचे खत व बायोगॅस आणि प्लास्टिकचे तुकडे करून रस्त्याच्या डांबरात उपयोग असा क्रम बसविला. जुन्या डेपोची जागा पाहण्यासाठी लोक येऊ लागले. सुमारे १२ हजार वस्तीच्या नगरात हे शक्य झाले, ही आपल्या तालुक्याच्या ठिकाणांना धीर देणारी गोष्ट आहे. तथापि असे प्रयोग एका अधिकाऱ्याच्या निष्ठेवर उभे राहतात तेव्हा बदलीचा आदेश हाच त्यांचा खरा शत्रू असतो. प्लास्टिकचे डांबरात मिश्रण हेही काटेकोर अर्थाने पुनर्चक्रण नव्हे. ती वस्तू चक्रात परत येत नाही, रस्त्यात संपते. पुरण्यापेक्षा आणि जाळण्यापेक्षा ते बरे, एवढेच म्हणता येईल.

ग्रामीण भागात २०२० पासूनच्या स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात तालुका पातळीवर प्लास्टिक व्यवस्थापन केंद्रासाठी कमाल १६ लाख रुपयांची तरतूद करण्यात आली. या रकमेत शेड उभे राहते, तुकडे करणारे आणि दाबून गठ्ठा बांधणारे यंत्र येते. परंतु यंत्र एकदाच विकत घ्यावयाचे असते, निवड मात्र रोज करावयाची असते. पन्नास गावांतून पुड्या आणि मल्चिंगचा कागद गोळा करून केंद्रावर आणण्याचे भाडे, तेथे बसून तो निवडणाऱ्या स्त्रीची मजुरी, आणि ज्याला भंगारात किंमतच नाही तो गठ्ठा चंद्रपूरकडील सिमेंट कारखान्यांपर्यंत नेण्याचा खर्च : या तीन आकड्यांवर केंद्राचे भवितव्य अवलंबून आहे. हिवरा आश्रमसारख्या गावात वसतिगृहांची वस्ती आणि उत्सवातील गर्दी यांमुळे दरडोई हिशोबही कोलमडतो. पळसाच्या पत्रावळीची जागा थर्माकोलने आणि कागदी म्हणविणाऱ्या प्लास्टिकअस्तरी ताटांनी घेतल्यापासून एका पंगतीचा कचरा गावाच्या महिन्याच्या कचऱ्याशी स्पर्धा करतो.

आपल्या महाविद्यालयांचा यातील वाटा तपासला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर पदवी स्तरावर पर्यावरण अभ्यास अनिवार्य झाला. त्याअंतर्गत दरवर्षी असंख्य प्रकल्प सादर होतात आणि त्यातील प्रश्नावली विचारते : आपण ओला व सुका कचरा वेगळा करता काय? होय, नाही, कधी कधी. टक्केवारी निघते आणि जनजागृतीची शिफारस होते. शिबिरात स्वयंसेवक गाव झाडतात, ढिगासमवेत छायाचित्र घेतले जाते आणि सायंकाळी त्या ढिगाला काडी लावली जाते. याऐवजी विद्यार्थ्यांना दुसरे काम देता येईल. ग्रामसभेत वाचल्या जाणाऱ्या जमाखर्चाची प्रत घ्यावी आणि स्वच्छतेच्या शीर्षकाखाली ट्रॅक्टरच्या भाड्यासमोर निवड करणाऱ्याच्या मजुरीचा काही आकडा आहे काय, ते पाहावे. नंतर गावात येणाऱ्या भंगारवाल्याबरोबर एक दिवस हिंडून तो काय घेतो, काय नाकारतो आणि कोणत्या भावाने, याची यादी करावी. मेहकर तालुक्यातील दहा गावांच्या अशा याद्या एकत्र ठेवल्या, तर प्लास्टिक केंद्राचा आराखडा कोणासाठी आणि कशासाठी करावयाचा, याची चर्चा पंचायत समितीत आकड्यांनिशी सुरू करता येईल.